हजेरी कोणाच्या मालकीची?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कामगार कुटुंबांसमोर इंदापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामाच्या ठिकाणी भिंतीवर बसवलेले, माणसाचा चेहरा पाहून त्याची हजेरी लावणारे यंत्र, हा काय सभेत बोलण्याचा विषय झाला? परंतु हजेरी म्हणजे पगार आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? हजेरी लागली तर रोज मिळतो. लागली नाही तर तो दिवस खाडा. बारामतीच्या किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुलीने आठ तास राबून घरी यावे आणि महिनाअखेर पगारपत्रकावर त्या दिवसापुढे शून्य दिसावे, तर ते शून्य कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले आणि ते खोडून घेण्याचा मार्ग कोणता, हे तिला व तिच्या आईबापांना कळले पाहिजे. मी वकील आहे, म्हणून या विषयाकडे मी पुराव्याचा प्रश्न म्हणून पाहतो. हजेरीची नोंद हा मालक आणि कामगार या दोघांमधील पुरावा होय. तो एकाच्याच कपाटात बंद राहिला तर काय होते, आणि तो आपल्याही हाती कसा यावा, हे मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या वाडवडिलांच्या कामाला वेळ नव्हती. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महार वतनदाराने दिवसा वा रात्री केव्हाही बोलावणे आले की चावडीवर हजर व्हावयाचे. बाप घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, तेव्हा ते मोजण्याचा प्रश्नच नव्हता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. काम काय ते ठरवा आणि त्याचा मोबदला काय तेही ठरवा, हा त्या बिलाचा गाभा होता. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मध्यंतरी बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, आणि हंगामी कारखान्यांतील ६० वरून ५० वर. साखर कारखाना हा हंगामी कारखाना. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे ज्यांच्या घरात रोज उच्चारली जातात त्यांना या दहा तासांची किंमत मी सांगावयास नको. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तास सर्वांनाच लागू केले. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालला. त्या दिवसापासून चार नव्या श्रमसंहिता अंमलात आल्या. पण जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व त्यांतही कायम आहे.

आता विचार करा. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घेतले तर दुप्पट मजुरी, असे कायदा म्हणतो. पण तास अठ्ठेचाळीस झाले की बावन्न, हे सिद्ध कशाने करावयाचे? तासांना मर्यादा घालणारा कायदा तासांच्या नोंदीवाचून पांगळा आहे. म्हणून हजेरीच्या घड्याळाला मी शत्रू मानत नाही. ज्याच्या कामाला घड्याळच नाही त्याची स्थिती पाहावयाची असेल तर हंगामात आपल्याच तालुक्यांत बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहा. तेथे मजुरी टनावर; पहाटेच्या थंडीत किती वाजता फड गाठला, गाडी भरून रात्री किती वाजता पालावर परतले, हे कोठेही लिहिले जात नाही. लिहिला जातो तो फक्त खाडा. आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो.

हजेरीचे यंत्र ही काही आजची वस्तू नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न नावाचे गाव आहे. तेथील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने कामगाराची वेळ कागदावर छापणाऱ्या घड्याळाचे पेटंट १८९० साली मिळवले. अशी घड्याळे करणाऱ्या कंपन्या पुढे एकत्र आल्या आणि त्यांतूनच १९२४ साली आय.बी.एम. हे नाव धारण करणारी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे भोंगा होता, पितळी बिल्ला होता, आणि मुकादमाच्या काखेत हजेरीपट होता. त्या हजेरीपटाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुकादमाची मर्जी फिरली तर कामावर हजर असलेल्याचा खाडा पडे, आणि रोजगार हमीच्या मस्टरवर कधी कामावर न फिरकलेल्यांची नावे चढत. पुढे थंब आला. विटा उचलून, सिमेंट कालवून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्याचा अंगठा यंत्राला ओळखू येईना. मग चेहऱ्याचे यंत्र आले. मुकादमाची लहर जाऊन यंत्राची तटस्थता आली, असे जर कोणी म्हणेल, तर त्यात काही अंशी तथ्य आहे. परंतु यंत्र कसे काम करते हे समजून घेतल्यावाचून त्याला तटस्थ म्हणू नये.

यंत्र तुमचा चेहरा माणूस ओळखतो तसा ओळखत नाही. पहिल्या दिवशी नोंदणीच्या वेळी ते चेहऱ्याच्या ठेवणीवरून आकड्यांची एक लांब ओळ तयार करते. आपण तिला साचा म्हणू. दररोज ते नव्याने आकडे काढते आणि साठवलेल्या साच्याशी ताडून पाहते. दोन्ही हुबेहूब कधीच जुळत नाहीत. म्हणून किती साम्य असले म्हणजे माणूस तोच धरावा, याची एक मर्यादा ठरवलेली असते. मर्यादा सैल ठेवली तर एकाच्या नावावर दुसरा आत शिरेल. कडक ठेवली तर खऱ्याच माणसाला दाराबाहेर थांबावे लागेल. ही मर्यादा कोठे ठेवावी हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. मुकादम नाहीसा झालेला नाही, तो पेटीच्या आत जाऊन बसला आहे, एवढे ध्यानात ठेवा.

शिवाय ही यंत्रे सर्व चेहऱ्यांशी सारखी वागतात असेही नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकापेक्षाही कमी. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक शेकडा ३४.७ पर्यंत गेली. ती परीक्षा हजेरीची नव्हती आणि त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, हेही मी सांगतो; अर्धवट सांगून टाळ्या घेणे हे वकिलाला शोभत नाही. पण उन्हात काम करणाऱ्या बाईचा चेहरा यंत्राला अवघड जातो अशी तक्रार आली, तर ती ‘अडाण्यांची तक्रार’ म्हणून उडवून लावण्याचा अधिकार आता कोणत्याही व्यवस्थापकास राहिलेला नाही.

ही पद्धत कारखान्यांपुरती राहिलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १ मे २०२५ पासून देशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकांना आधारशी जोडलेली चेहऱ्याची हजेरी सक्तीची केली. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच आयोगाच्या कक्षेत येते. त्याच वर्षी राज्याच्या महसूल खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चेहऱ्याचे अ‍ॅप आणले आणि नेमलेल्या जागेच्या हद्दीतच हजेरी लागेल अशी व्यवस्था त्याला जोडली. डॉक्टर आणि तलाठी या यंत्रापुढे उभे राहिले ही एका दृष्टीने चांगली गोष्ट झाली, कारण एरवी पहारा प्रथम खालच्या पायरीवर बसतो. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. ती घड्याळे झाडू हातात असलेल्यांच्या वाट्याला आली, हे आपण विसरू शकत नाही.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर मजुरांचा फोटो घेऊन हजेरी लावणे सर्वत्र सक्तीचे झाले. दिवसातून दोन फोटो, वेळ आणि ठिकाण यांसह. हेतू हा की मस्टरवरची खोटी नावे जावीत. आणि झाले काय? ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयालाच लिहावे लागले की, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचेच फोटो काढले जात आहेत. दुसऱ्या बाजूस, ज्या खेड्यात नेटवर्क नाही तेथे खऱ्या मजुराचा फोटो चढत नसे आणि त्याचा रोज बुडत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा केला. परंतु हा धडा जुना होत नाही. खोटे करणाराला यंत्र अडवू शकले नाही, आणि खऱ्याला मात्र सिद्ध करीत बसावे लागले.

तेव्हा साहजिकच प्रश्न येतो की, आम्ही यंत्रापुढे उभे राहण्यास सरळ नकार देऊ शकतो काय? हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कोणाला आवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ओडिशातील महालेखापाल कार्यालयाच्या प्रकरणात असे सांगितले आहे की, कर्मचाऱ्यांशी आधी विचारविनिमय केला नाही एवढ्याच कारणाने बायोमेट्रिक हजेरी बेकायदा ठरत नाही. म्हणून भावनेच्या भरात, दहा-वीस जणांनी मिळून ‘आज कोणी पंच मारायचा नाही, सगळ्यांनी बाहेरच थांबायचे’ असे ठरवू नका. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, सूचना व सबळ कारण न देता गैरहजेरी केली तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्यास कायद्यात वाव आहे. लढावयाचे ते यंत्राच्या अस्तित्वाशी नव्हे. नोंद कोणत्या अटींवर ठेवली जाते, ती कोण पाहू शकतो आणि चुकली तर दुरुस्त कशी होते, यावर लढावयाचे.

या लढ्यासाठी कायद्याने दिलेली हत्यारे कोणती, ते आता पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, लागू व्हावयाची असे ठरले. या कायद्याच्या नावावरून फार आशा बाळगू नका. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरण्यास संमतीची आवश्यकता नाही, अशी वाट मालकाला ठेवलेली आहे. आणि माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क देणारी अकरावे व बारावे ही कलमे, त्यांची भाषा नीट वाचली तर, ज्याने संमती दिली आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. याचा अर्थ असा की, मालकाने संमती मागितलीच नाही तर तो म्हणू शकेल, ‘तुला विचारले नव्हते, म्हणून तुला दाखवण्याचेही बंधन नाही.’ माहिती सुरक्षित न ठेवल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाईल, ज्याचा चेहरा चोरीला गेला त्याच्या पदरात त्यातील पैही पडणार नाही.

तरीही दोन गोष्टी त्या कायद्यात आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, ज्या माहितीच्या आधारे माणसावर परिणाम करणारा निर्णय घेतला जातो ती माहिती अचूक व पूर्ण असल्याची खात्री करणे हे आठव्या कलमाने मालकाचे कर्तव्य केले आहे. पगार कापणे हा परिणाम करणारा निर्णय नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. दुसरी, प्रयोजन संपले की माहिती पुसली पाहिजे. काम सोडल्यावर तुमचा साचा ठेकेदाराच्या संगणकात पडून राहता कामा नये. बिल्ला हरवला तर नवा मिळतो. चेहरा एकदा गेला की नवा मिळत नाही. मे २०२७ पर्यंतच्या काळासाठी २०११ चे नियम आहेत. त्यांत बायोमेट्रिक माहिती ही संवेदनशील माहिती मानली आहे आणि ती घेण्यापूर्वी लेखी संमती घेण्याचे बंधन कंपन्यांवर व व्यापारी पेढ्यांवर घातले आहे. सरकारी कचेऱ्यांना ते नियम लागू नाहीत, ही त्यांतील मोठी उणीव. पण खासगी कारखान्यात काम करणाऱ्यांनी ही संधी सोडू नये. संमतीचा कागद पुढे आला की डोळे मिटून सही करू नका आणि तो फेकूनही देऊ नका. त्यावर लिहा: ‘ही संमती फक्त हजेरीसाठी; माझी नोंद मला दर महिन्यास मिळावी; काम सोडल्यावर साचा पुसला जावा.’ आणि मग सही करा.

परदेशात याहून पुढे मजल गेली आहे, हे ऐकून ठेवण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सेर्को लेझर या कंपनीस ३८ ठिकाणच्या दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची चेहरा व बोटांच्या ठशांची हजेरी बंद करण्याचा आदेश दिला. कारण साधे होते. ओळखपत्र किंवा चकती यांनी जे काम होऊ शकत होते त्यासाठी शरीराची नोंद कशाला, असा सवाल त्या कार्यालयाने केला; आणि ज्याला चेहरा द्यावयाचा नाही त्याला दुसरा मार्ग कंपनीने दिलेला नव्हता. आपल्याकडे असा आदेश आज मिळेल असे मी म्हणत नाही. पण ‘दुसरा मार्ग ठेवा’ ही मागणी वेडगळ नाही, एवढे त्यावरून दाखवता येते.

माझ्याकडे आलेली एक हकीकत येथे सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मालाच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या एका बाईंना एका महिन्यात सात दिवसांचा अर्धा-अर्धा पगार कमी मिळाला. त्या रोज कंपनीच्या बसने येत. पाळी सुरू होण्याआधी फाटकात असत. यंत्र मात्र पूर्वेकडे तोंड असलेल्या दाराच्या आत, दाराकडेच रोखून बसवलेले. सकाळी त्यांच्या पाठीमागून ऊन यंत्राच्या डोळ्यात शिरे आणि त्यांचा चेहरा त्याला काळोखा दिसे. रांगेतील इतरांची खोळंबा होऊ नये म्हणून पहारेकरी त्यांना ‘आत जा, नंतर लावा’ असे सांगे; नंतर लावावयास जागा सोडता येत नसे, आणि दुपारच्या सुट्टीत हजेरी लागली की यंत्राच्या हिशेबी त्या दुपारी आलेल्या. कार्यालयाचे उत्तर ठरलेले: ‘यंत्र खोटे बोलत नाही, ताई.’ परंतु या बाईंच्या मुलीने, जी बारावीत शिकत होती, पहिल्याच दिवसापासून एका चोपडीत लिहून ठेवले होते: तारीख, बस फाटकात कधी आली, हजेरी लागली की नाही, पाळीवर कोण पर्यवेक्षक होता. ती चोपडी, बसची यादी आणि त्या दिवशीच्या मालाच्या नगांचा हिशेब समोरासमोर ठेवला तेव्हा सातही दिवस जुळले. पैसे मिळाले. रक्कम फार नव्हती. पण त्यानंतर यंत्र उत्तरेच्या भिंतीवर हलवण्यात आले आणि शेजारी एक वहीही ठेवण्यात आली.

न्यायालयात चोपडीला किंमत काय, असे आपण विचाराल. किंमत आहे. वेतन संहितेप्रमाणे मजुरी न दिल्याचा दावा आला तर ती दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. जुन्या कायद्यांत ही मुदत फार तोकडी होती. हजेरीची व वेतनाची नोंदवही ठेवणे आणि वेतनचिठ्ठी देणे ही मालकाची जबाबदारी आहे. गैरहजेरीसाठी जी कपात करावयाची ती गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच करता येते. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणे हे त्या प्रमाणात बसत नाही, मग ते संगणकाने केले असो वा मुकादमाने. आणखी एक गोष्ट. यंत्रातून काढलेला तक्ता हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, मूळ उपकरण हजर केले नाही तर अशा पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र हवेच. नव्या साक्ष अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमात ती अट कायम आहे. कामगार न्यायालये पुराव्याचे काटेकोर नियम लावतातच असे नाही. तथापि कोणी नुसता छापील कागद नाचवून ‘हा बघा पुरावा’ म्हणू लागला, तर प्रमाणपत्र कोठे आहे, हे विचारण्यास आपण कचरू नये.

आपल्यातील बरेच तरुण आज ही यंत्रे विकण्याचे व बसवण्याचे काम करतात. काहींनी स्वतःच्या लहान कार्यशाळा काढल्या आहेत, काही शिक्षणसंस्था चालवतात. त्यांना दोन शब्द सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही, कारण उद्या मालकाच्या खुर्चीवर आपलाच माणूस बसला म्हणून खाडा गोड लागत नाही. यंत्र दारासमोर वा खिडकीसमोर लावू नका. प्रकाश चेहऱ्यावर पडावा, पाठीमागून येऊ नये. उंची अशी ठेवा की ठेंगण्या बाईला टाचा उंचवाव्या लागू नयेत आणि उंच माणसाला कमरेत वाकावे लागू नये. नोंदणी घाईने एका रांगेत उरकू नका. चष्मा घालणाऱ्याची चष्म्यासह आणि चष्म्याविना, अशी दोन्ही वेळा करा. भट्टीवर, पिठात, कापसात काम करणाऱ्याचा चेहरा पाळी संपल्यावर सकाळच्यासारखा राहत नाही. त्याच्या सुटण्याच्या वेळेची नोंद चुकली तर त्याचा जादा कामाचा पैसा बुडतो, आणि येण्याच्या वेळेपेक्षा जाण्याच्या वेळेबाबत मालकवर्ग नेहमीच अधिक उदार मनाने विसराळू असतो. फोटो दाखवून फसणारे यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. घड्याळाची वेळ आठवड्यातून एकदा पडताळा. पाच मिनिटे पुढे गेलेले घड्याळ रोज पन्नास माणसांची पाच-पाच मिनिटे खाते. वीज गेली, नेटवर्क गेले तर काय, हे आधीच ठरवा. ओळख न पटल्यास कार्ड किंवा आकडी खूण चालावी आणि त्यासोबत सहीची एक वही असावी. दर महिन्यास प्रत्येकाला त्याच्या हजेरीचा तक्ता पगारापूर्वी मिळावा, पगारानंतर नव्हे. आणि एकाचा पंच दुसऱ्याने मारून देण्याची खोड कोणाला असेल, तर ती सोडावी. ज्या नोंदीच्या खरेपणावर आपण दावा लढवणार ती आपणच खोटी करून ठेवली तर माझ्यासारख्याने उभे राहावे तरी कशावर?

नवदीक्षित कुटुंबांना विशेष महत्त्वाची अशी एक गोष्ट उरली. दीक्षेनंतर पुष्कळांनी नाव किंवा आडनाव बदलले आहे. चेहरा तोच राहतो म्हणून हजेरी बिनबोभाट लागते. पण आधारवर जुने नाव, बँकेत नवे, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात तिसरेच, अशी स्थिती झाली की पैसे अडकतात. राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत हाती आल्यावर सर्व ठिकाणची नावे एकदमच बदलून घ्या आणि मालकाला लेखी कळवा की, नाव बदलले आहे, नोकरी तीच आहे; नावाच्या बदलाने सेवा खंडित होत नाही. तसेच हजेरी-यंत्राच्या नोंदणीच्या फॉर्मवर धर्म आणि जात यांचे रकाने असतील तर ते कशासाठी आहेत, असे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा. आरक्षणाच्या जागेसाठी दाखला द्यावयाचा असेल तो आस्थापना विभागात, त्याच्या फायलीत द्यावा. फाटकावर वेळ नोंदवणाऱ्या पेटीला तुमचा धर्म ठाऊक असण्याचे काहीही कारण नाही. आणि व्यक्तिगत माहितीचा नवा कायदा जात व धर्म यांना काही निराळे संरक्षण देत नाही, म्हणून ती माहिती मुळात द्यावयाचीच नाही, हाच सुरक्षित मार्ग.

आता अर्ज कसा लिहावा ते सांगतो. साध्या कागदावर तारीख, तुमचे नाव, कामगार क्रमांक आणि विभाग लिहा. मग लिहा: ‘अमुक तारखेस मी अमुक पाळीवर हजर होतो. यंत्राने हजेरी घेतली नाही. त्या वेळी अमुक पर्यवेक्षक हजर होते. माझी त्या दिवसाची नोंद दुरुस्त करावी व या महिन्याच्या माझ्या सर्व नोंदींची प्रत मला द्यावी.’ शिव्याशाप लिहू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. दोन प्रती करा. एकीवर पोच घ्या. पोच देण्यास कोणी नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ठेकेदाराकडे असाल तर एक प्रत मूळ कंपनीलाही द्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर पगारपत्रके, चोपडी आणि अर्जाची पोच घेऊन बारामती किंवा इंदापूर येथील न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, कोणत्याही स्त्रीस आणि औद्योगिक कामगारास उत्पन्न न पाहता वकील विनामूल्य मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्या. दाखल्यावरचे नाव आणि अर्जावरचे नाव निराळे असेल, तर राजपत्राची प्रतही बरोबर ठेवा.